अंतर किती, वेळ किती: मोपा, चिपी आणि अगत्तीचा हिशेब

गोव्यातून लक्षद्वीपला जायचं ठरलं की फोनवर पहिला प्रश्न टाइप होतो तो अंतराचा. उत्तर लगेच मिळतं: पावणेसहाशे किलोमीटर, सव्वा तास. आकडा बरोबर असतो, पण त्यावर बेत आखला की बेत फसतो. हा आकडा नकाशावरच्या दोन टिंबांमधल्या सरळ रेषेचा असतो. विमान त्या रेषेवर काटेकोर उडत नाही, आणि तुम्ही तर घरातून निघालेले असता, धावपट्टीवरून नव्हे.

मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर हिशेब थोडा चुकला तरी चालतं, तास-दोन तासांत दुसरं विमान असतं. लक्षद्वीपमधल्या अगत्ती किंवा सिंधुदुर्गातल्या चिपीसारख्या विमानतळावर पुढचं विमान उद्या असतं, कधी परवा. म्हणून लहान विमानतळांचा हिशेब स्वतः करायला शिकावं. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय आठवत असेल तर पंधरा मिनिटांचं काम आहे.

साधनं फार लागत नाहीत. फोनवरचा नकाशा, कोसाईन आणि वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर (फोन आडवा धरला की बहुतेक फोनांत येतो), कागद-पेन आणि तिकिटावर छापलेल्या वेळा.

१. विमानतळ नक्की करा, नावावर विसंबू नका

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो. तिकिटावर आणि सामानाच्या पट्टीवर तोच छापतात. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचा कोड जी-ओ-आय, मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचा जी-ओ-एक्स. चिपीचा, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळाचा एस-डी-डब्ल्यू आणि अगत्तीचा ए-जी-एक्स.

इथे नवखे हमखास फसतात. ‘गोवा’ या नावाची तीन इंग्रजी अक्षरं, जी-ओ-ए, हा कोड गोव्याचा नाहीच. तो इटलीतल्या जेनोआचा आहे. अंतर काढणाऱ्या एखाद्या साइटवर ती अक्षरं टाकली तर अगत्तीपर्यंत काही हजार किलोमीटर दाखवेल आणि साइट बिघडली असं तुम्हाला वाटेल.

दुसरा घोळ दाबोळी आणि मोप्याचा. दोन्ही विमानतळांवरच्या तिकिटांवर मोठ्या अक्षरांत ‘गोवा’ असतं, मोपा की दाबोळी हे बारीक अक्षरांत. दोघांत सरळ रेषेत जेमतेम ३९ किलोमीटर आहेत, पण रस्त्याने झुआरी आणि मांडवी दोन्ही नद्या ओलांडून अख्खा बार्देश पार करावा लागतो. चुकीच्या विमानतळावर उतरून मग दुसऱ्यावर पळायचं म्हटलं तर विमान मिळत नाही. मोप्याहून विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडायला लागली, त्यामुळे त्याआधीच्या जुन्या लेखांत ‘गोवा विमानतळ’ म्हणजे दाबोळीच समजावं.

वैमानिक आणि हवामानखातं चार अक्षरी कोड वापरतात. दक्षिण भारतातल्या विमानतळांचे कोड व्ही-ओ ने सुरू होतात: दाबोळी व्ही-ओ-जी-ओ, मोपा व्ही-ओ-जी-ए, अगत्ती व्ही-ओ-ए-टी. हवामानाचा अहवाल बघताना हे लागतील.

२. अक्षांश-रेखांश घ्या, ते दशांशातच लिहा

फोनच्या नकाशावर उपग्रहाचं चित्र लावा, धावपट्टीच्या मधोमध बोट दाबून धरा. दोन आकडे येतील. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. गावाच्या नावावर दाबू नका. विमानतळ गावापासून दहा-वीस किलोमीटर लांब असू शकतो, आणि मोपा तर पणजीपासून रस्त्याने ३५ किलोमीटरच्या आसपास आहे.

आपल्याला लागणारे आकडे असे:

चिपी: १६.०० उत्तर, ७३.५३ पूर्व
मोपा: १५.७३ उत्तर, ७३.८६ पूर्व
दाबोळी: १५.३८ उत्तर, ७३.८३ पूर्व
कोची: १०.१५ उत्तर, ७६.४० पूर्व
अगत्ती: १०.८२ उत्तर, ७२.१८ पूर्व

पुस्तकांत आणि सरकारी कागदांत हेच आकडे अंश-मिनिटं-सेकंदांत असतात. मोपा १५ अंश ४४ मिनिटं असं लिहिलेलं दिसलं की लोक १५.४४ लिहून मोकळे होतात. एका अंशात १०० नाही, ६० मिनिटं असतात. ४४ ला ६० ने भागा, ०.७३ येतात, म्हणून १५.७३. चुकून १५.४४ घेतलंत तर तुमचा मोपा ३२ किलोमीटर दक्षिणेला सरकून गोवा वेल्ह्याच्या आसपास जाऊन बसतो. सेकंद दिले असतील तर त्यांना ३६०० ने भागून मिळवायचं. दाबोळी १५ अंश २२ मिनिटं ५१ सेकंद: १५ + ०.३६७ + ०.०१४, म्हणजे १५.३८.

३. सरळ हवाई अंतर काढा

चिपी ते अगत्ती ही जोडी घेऊ. दोन्ही लहान विमानतळ, एक सड्यावर (म्हणजे खडकाळ पठारावर), एक समुद्रात.

पहिली पायरी, उत्तर-दक्षिण अंतर. अक्षांशांची वजाबाकी करा: १६.०० – १०.८२ = ५.१८ अंश. अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही साधारण १११ किलोमीटरचा. ५.१८ × १११ = ५७५ किलोमीटर.

दुसरी पायरी, पूर्व-पश्चिम अंतर. रेखांशांची वजाबाकी: ७३.५३ – ७२.१८ = १.३५ अंश. इथे थांबा. रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा, ध्रुवाकडे जाल तसा आखडत जातो, कारण सगळी रेखावृत्तं ध्रुवावर एकत्र येतात. किती आखडला ते कोसाईन सांगतो. दोन्ही अक्षांशांची सरासरी काढा: (१६.०० + १०.८२) ÷ २ = १३.४१. कॅल्क्युलेटरवर कोसाईन १३.४१ दाबा, ०.९७३ येईल. १.३५ × १११ × ०.९७३ = १४६ किलोमीटर.

कॅल्क्युलेटर ‘रेडियन’मध्ये असेल तर भलताच आकडा येतो. तपासायला कोसाईन ६० दाबून बघा. ०.५ आलं तर कॅल्क्युलेटर अंशांत आहे.

तिसरी पायरी, पायथागोरस. ५७५ चा वर्ग अधिक १४६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ५९३ किलोमीटर. झालं.

हीच रीत मोपा-अगत्तीला लावली की ५७४ किलोमीटर येतात, दाबोळी-अगत्तीला ५३७. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आणि आपण वक्र पृष्ठभाग सपाट धरला. या दोन्हीमुळे भारताच्या दक्षिण भागात हजार किलोमीटरपर्यंतच्या अंतरात अर्धा-एक टक्क्याची चूक येते, म्हणजे पाच-सहा किलोमीटर. विमानाला तेवढं अंतर कापायला एक मिनिटही लागत नाही. अंतर दोन-तीन हजारांच्या वर गेलं किंवा जागा फार उत्तरेला असेल, तर मात्र ही रीत सोडा आणि गोलावरचं अंतर देणारं हॅवरसाईन सूत्र वापरा.

कोसाईन गाळला तर काय होतं हे लेहला नीट कळतं. तिथे अक्षांश ३४, रेखांशाचा अंश ९२ किलोमीटरचा. दहा अंशांच्या प्रवासात तब्बल १९० किलोमीटरची चूक. गोव्यात चूक लहान दिसते म्हणून पायरी गाळायची सवय लावून घेऊ नका.

आलेला आकडा साइटशी जुळत नसेल तर आधी एकक बघा. विमानांच्या जगात सागरी मैल चालतो, १.८५२ किलोमीटरचा. रस्त्यावरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. मोपा-अगत्ती सागरी मैलांत ३१०, साध्या मैलांत ३५७. साइटवर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असतं आणि कुठला ते सांगितलेलं नसतं. सागरी मैलाची एक सोय अशी की अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. नकाशावर उभ्या अंतरासाठी गुणाकारही करावा लागत नाही.

४. विमान कोणतं ते बघा, मग वेळ काढा

अंतर कळल्यावर लोक ८०० च्या वेगाने भागतात, कारण जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने उडतं हे सगळ्यांना पाठ असतं. लहान विमानतळांवर बहुतेक वेळा जेट जातच नाही. तिथे पंख्याची विमानं चालतात. भारतात त्यात सर्रास दिसतं ते एटीआर ७२, साधारण ७० आसनांचं, वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे २७० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). एअरबस ३२० सारखं जेट ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जातं. एक इंजिनाचं नऊ-दहा आसनी सेस्ना कॅरॅव्हॅन ताशी ३३० च्या आसपास. तिकीट काढताना विमानाचा प्रकार बारीक अक्षरांत दिलेला असतो, तो वाचा.

हा वेग मात्र वर पोचल्यावरचा. चढताना आणि उतरताना विमान हळू असतं, जमिनीवर रांगत जातं, धावपट्टीच्या तोंडाशी थांबतं. शिवाय उडताना वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करावं लागतं, त्यामुळे अगत्ती दक्षिणेला असली तरी विमान आधी भलतीकडे उडून मग वळतं. उतरतानाही तेच. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या हंसा तळावर आहे, तिथे नौदलाच्या विमानांचे सराव सुरू असले तर नागरी विमानाला वाट बघावी लागते. हे सगळं धरून सोपा नियम असा:

एटीआर असेल तर अंतर ÷ ५००, अधिक २० मिनिटं.
जेट असेल तर अंतर ÷ ८००, अधिक ३० मिनिटं.

मोपा-अगत्ती: ५७४ ÷ ५०० म्हणजे ६९ मिनिटं, अधिक २०, म्हणजे दीड तासाला एक मिनिट कमी. चिपीहून धरलं तर ७१ अधिक २०, एक तास एकतीस मिनिटं. कोची-अगत्ती ४६७ किलोमीटर, ५६ अधिक २०, सव्वा तास. जेटला जास्त मिनिटं धरली कारण ते जास्त उंच जातं आणि मोठ्या विमानतळांवर जास्त रांगतं.

तिकिटावरची वेळ याहून पाच ते वीस मिनिटं जास्त दिसेल. तिकिटावर छापतात तो ब्लॉक टाइम. विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला पुन्हा उभं राहीपर्यंतची वेळ, आणि त्यात कंपनी थोडी सैल मिनिटंही मिळवते. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी भरपाईचा प्रश्न आला की तोच लागतो.

अंतर जितकं कमी तितका जमिनीवरच्या मिनिटांचा वाटा मोठा. याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, अंतर २.७ किलोमीटर, जगातलं सर्वांत छोटं नियमित विमानउड्डाण. हवेत विमान दीड-दोन मिनिटंच असतं. तिथे अंतर भागिले वेग काढून काहीच हाती लागत नाही.

५. वारा मिळवा किंवा वजा करा

विमान हवेत उडतं आणि हवा स्वतः वाहत असते. समोरून २५ नॉटचा वारा असेल तर २७० नॉटचं एटीआर जमिनीच्या मानाने २४५ ने सरकतं. मोपा-अगत्तीचे ३१० सागरी मैल मग ६९ ऐवजी ७६ मिनिटांत. पाठीमागून तोच वारा असेल तर ६३. सात मिनिटं इकडे-तिकडे. पण तोच वारा १८० नॉटच्या लहान विमानाला लागला तर १०३ मिनिटांची १२० होतात, सतरा मिनिटं जास्त. विमान जितकं हळू, वारा तितका जड.

वारा नेमका समोरून क्वचितच असतो. प्रवासाची दिशा आणि वारा यांत ४५ अंशांचा कोन असेल तर वाऱ्याचा ७० टक्के भाग धरा, ६० अंश असेल तर निम्मा, काटकोनात असेल तर शून्य. मोप्याहून अगत्ती दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे कललेली. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा जवळजवळ तोंडावर येतो, निव्वळ पश्चिमेचा असेल तर बाजूने. परतीला तोच पाठीशी. म्हणून जून ते सप्टेंबरात जाताना जास्त, येताना कमी वेळ लागला तर नवल नाही.

६. लहान धावपट्टी काय करते

हा भाग घाईत वाचू नका. लहान विमानतळाच्या प्रवासात सगळ्यांत जास्त घोटाळे इथे होतात.

अगत्ती बेट निमुळतं, लांबट. विमानतळ त्याच्या दक्षिण टोकाला, धावपट्टी साधारण १,२०० मीटर, दोन्ही बाजूंना पाणी. विमानातून उतरताना एका खिडकीतून खाजणाचं फिकं निळं पाणी दिसतं, दुसऱ्या खिडकीतून लाटा, आणि चाकं टेकेपर्यंत जमीन अशी दिसतच नाही. दाबोळीची धावपट्टी याच्या पावणेतीन पटींहून लांब आहे.

धावपट्टी आखूड असली की विमान पूर्ण वजन घेऊन उडू शकत नाही. त्यात उन्हाळ्याची दुपार असेल तर हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, उड्डाणासाठी जास्त धावावं लागतं. धावपट्टी ओली असेल तर उतरताना थांबायला जास्त जागा लागते. उपाय एकच, वजन कमी करणं.

वजनात इंधनाचाही वाटा आहे. अगत्तीवर ढग उतरले आणि विमान उतरूच शकलं नाही तर जवळ दुसरी धावपट्टी नाही. कोचीपर्यंतचे ४६७ किलोमीटर परत जायला पुरेल एवढं इंधन विमानात असावंच लागतं. एटीआर तासाला साधारण साडेसहाशे किलो इंधन जाळतं, आणि कोचीचं अंतर तासाभराचं आहे. साडेसहाशे किलो म्हणजे सात प्रवासी आणि त्यांचं सामान. म्हणून अशा मार्गावर विमानात रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि तरी तिकीट मिळत नाही, किंवा सामान मागाहून दुसऱ्या विमानाने येतं. औषधं, चष्मा, एक जोडी कपडे आणि लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही. मुलांसाठी बॅगेत खाजं, बिबिंका भरून नेत असाल तर आधी तिकिटावरचं सामानाचं वजन वाचा. छोट्या विमानात केबिनमधली फळीही छोटी असते, मोठ्या विमानात सहज बसणारी बॅग इथे आत बसत नाही.

उजेड ही दुसरी अडचण. बऱ्याच लहान विमानतळांवर रात्री उतरायची सोय नसते, आणि नियंत्रण मनोरा ठरलेल्या तासांतच चालू असतो. दुपारी तीनचं विमान दोन तास उशिरा निघणार असेल तर मोठ्या शहराला ते पाचला निघतं. लहान विमानतळाला मात्र ते रद्द होऊ शकतं, कारण पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. म्हणून दोन पर्याय असतील तर सकाळचं विमान घ्या, शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी.

पावसाळ्यात चिपी आणि मोपा, दोन्ही सड्यांवर असल्यामुळे, ढग अगदी जमिनीला टेकतात. उतरायला किती अंतरापर्यंत दिसलं पाहिजे याची किमान मर्यादा विमानतळावरच्या उपकरणांवर ठरते. उपकरणं कमी, तर मर्यादा कडक. मग विमान घिरट्या घालतं किंवा दुसरीकडे वळवतात. जुलैतलं तिकीट असेल तर परतीच्या दिवशी दुसरं कुठलंही महत्त्वाचं काम ठेवू नका. कोर्टाची तारीख, परीक्षा, मुंबईहून परदेशी जाणारं विमान, काहीही नको.

विमानतळाच्या सूचना आणि हवामान अहवाल वाचत असाल तर त्यांतली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. आपली वेळ काढायला साडेपाच तास मिळवा. अहवालात ००३० असेल तर आपले सकाळचे सहा, १२३० असेल तर संध्याकाळचे सहा. तिकिटावरची वेळ मात्र नेहमी त्या-त्या गावाची. मालदीव आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आणि नेपाळ पाव तास पुढे आहे. तिकडच्या तिकिटाची नुसती वजाबाकी केली तर प्रवासाची वेळ चुकेल.

७. थेट विमान नसेल तर टप्पे मोजा

दोन लहान विमानतळांमध्ये थेट विमान असणं हा अपवाद. असलं तरी आठवड्यातून मोजके दिवस, आणि वेळापत्रक हिवाळी-उन्हाळी बदलतं. म्हणून थेट अंतराबरोबर फिरून जायचं अंतरही काढून ठेवा.

मोप्याहून कोची ६७८ किलोमीटर, कोचीहून अगत्ती ४६७. बेरीज ११४५. थेट ५७४ च्या जवळजवळ दुप्पट. वेळ मात्र दुप्पट नाही, त्याहून बरीच जास्त: मोपा-कोची जेटने एक तास वीस मिनिटं, कोचीत तीन तास, पुढे सव्वा तास. साडेपाच तासांच्या वर. आणि अगत्तीचं विमान सकाळीच असेल तर कोचीत रात्रीचा मुक्काम, त्याचा खर्च वेगळा.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढलीत तर पहिलं विमान उशिरा पोचल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तुमचं दुसरं तिकीट गेलं. सामानही स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर क्रमांकावर दोन्ही टप्पे मिळत असतील तर थोडे पैसे जास्त देऊन तेच घ्या. मिळत नसतील तर मध्ये किमान चार तास ठेवा, पावसाळ्यात एक रात्र.

कधी कधी अंतर कमी करायला लोक जवळचा विमानतळ शोधतात. नेपाळात लुक्लाला जाणाऱ्यांचं बघा. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमानं काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथलीहून सोडतात. हवेतला प्रवास अर्ध्या तासावरून पाव तास-वीस मिनिटांवर येतो, पण काठमांडूहून मंथलीला रस्त्याने चार-पाच तास लागतात, मध्यरात्री निघावं लागतं. विमानाचा आकडा घटला, प्रवास वाढला. आपल्याकडे काणकोणच्या माणसाला मोपा आणि दाबोळीत हाच प्रश्न येतो. मोपा त्याच्यापासून शंभर किलोमीटरच्या पुढे.

८. दारापासून दारापर्यंत वेळ मांडा

आता कागदावर मागून पुढे लिहा, म्हणजे विमान सुटायच्या वेळेपासून उलटं. मडगावचं कुटुंब, मोप्याहून सकाळी ११ चं विमान धरू.

११ ला सुटतं. चेक-इनची खिडकी बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, म्हणजे १० वाजता. सामान द्यायचं, सुरक्षातपासणी व्हायची, म्हणून ९ ला विमानतळाच्या दारात. मडगावहून मोपा ७० किलोमीटरच्या आसपास, मोकळ्या रस्त्याने पावणेदोन तास, पण सकाळी झुआरी पूल, पर्वरी आणि म्हापशाची गर्दी लागते, म्हणून अडीच तास. साडेसहाला घर सोडायचं. विमान साडेबाराला पोचतं, सामान घेऊन बाहेर यायला एक वाजतो.

साडेसहा ते एक, साडेसहा तास. हवेतली वेळ त्यातली एक तास नऊ मिनिटं. एखाद्याने ‘दीड तासाचा प्रवास’ म्हणून सकाळी नऊला घर सोडलं तर तो म्हापशाला पोचेपर्यंत खिडकी बंद झालेली असेल.

अगत्तीहून पुढे बंगारम किंवा कवरत्तीला बोटीने जायचं असेल तर बोटीची वेळ आधी विचारा. अंधार पडल्यावर बोट सुटेल असं गृहीत धरू नका, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद असतात.

९. कागदपत्रं आणि फोन नंबर

लक्षद्वीपला भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना लागतो, १९६७ च्या नियमांपासून. परवाना हातात आल्याशिवाय पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. बरोबर ठेवायचं: फोटो असलेलं मूळ ओळखपत्र, परवान्याच्या दोन छापील प्रती, तिकिटाची छापील प्रत, राहण्याच्या जागेचं पत्र, लहान मुलांचा जन्मदाखला. फोनमधल्या प्रतीवर भिस्त ठेवू नका, बेटावर नेटवर्क असेलच असं नाही.

परवाना, आधार आणि तिकीट या तिन्हींवर नावाची अक्षरं एकसारखी हवीत. आपल्याकडे नाईक-नायक, गावकर-गांवकर असे इंग्रजी स्पेलिंगचे दोन-दोन प्रकार एकाच घरात असतात. तिकीट काढताना आधारकार्ड समोर ठेवा. कुटुंबात कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डावर) राहत असेल तर परवान्याच्या अर्जातच ते सांगा. परदेशी नागरिकांना कुठली बेटं खुली आहेत याचे नियम वेगळे आहेत.

तिकिटावर स्वतःचा मोबाइल नंबर घाला. एजंट बहुतेक वेळा आपलाच नंबर घालतो, आणि विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्याकडे पडून राहतो. नागरी विमान महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे, वेळेवर न कळवता विमान रद्द केलं तर कंपनीने भरपाई द्यायची असते, आणि ती ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये, दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मोपा-अगत्ती मधल्या गटात बसतं. खराब हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ही भरपाई मिळत नाही. आणि प्रवाशाने आपला संपर्क क्रमांक दिलेलाच नसेल तर तेव्हाही नाही. म्हणून एजंटाच्या दुकानातून उठण्याआधी तिकीट हातात घ्या आणि त्यावरचा नंबर तुमचा आहे का ते अंक लावून वाचा.